गळ आधी, काठी मागाहून

लिंबायतमध्ये राहणाऱ्या माणसाने आपल्याला मासे धरण्याचा नाद आहे असे सांगितले, की ऐकणाऱ्याची नजर प्रथम मिठी खाडीकडे वळते आणि मग तो हळूच नाकाला रुमाल लावतो. हा विनोद आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे, की आता आम्हीच तो आधी करून टाकतो. खाडीत आम्ही गळ टाकीत नाही आणि वाचकांनीही टाकू नये. त्या पाण्यातून निघालेला मासा ताटात घेण्याजोगा नसतो. आमचे मासे तापीचे. आणि तापी ही काही आम्हांस सुरतेला येऊन भेटलेली नदी नव्हे. मुलताईहून निघून सुमारे ७२४ किलोमीटर चालत येणारी ही नदी भुसावळ, सारंगखेडा, प्रकाशा ही आपल्या ओळखीची गावे मागे टाकून उकाईच्या जलाशयात शिरते आणि तेथून सुरतेला येते. आपली माणसेही त्याच दिशेने आली; फक्त ती जळगाव-उधना मार्गाच्या आगगाडीने आली आणि येथे येऊन मागावर उभी राहिली.

सुटीच्या दिवशी नदीवर जाऊन गळ टाकून बसण्याची हौस आपल्या वस्तीत अलीकडे पुष्कळ वाढली आहे. मंडळाच्या कार्यक्रमात, लग्नाच्या पंगतीत, रिक्षाच्या रांगेत आम्हांस एकच प्रश्न विचारला जातो, “काठी कोणती घ्यावी?” आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न शेवटचा आहे आणि लोक तो पहिला विचारतात. दुकानदारासही तेच सोयीचे असते. दुकानात काठ्या दर्शनी उभ्या असतात आणि गळ खालच्या खणात, डबीत पडलेले असतात. गिऱ्हाईक काठीपासून सुरुवात करून गळापर्यंत येते, तोवर खिसा रिकामा झालेला असतो आणि मग “कोणतेही चार गळ द्या” असे म्हणून ते बाहेर पडते. माशाचा संबंध मात्र पहिल्याने गळाशी येतो, मग दोराशी, आणि काठीशी तर जवळजवळ येतच नाही.

हे शहाणपण आम्हांस पुस्तकातून आलेले नाही, फजितीतून आले आहे. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, आम्ही एक काठी भेट दिली. आप्पा पस्तीस वर्षे मागावर उभे होते. ज्या खोल्यांत शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावे लागते, अशा खोल्यांत ती वर्षे गेल्यामुळे त्यांना आता फार कमी ऐकू येते. कामावरून सुटल्यावर ते घरात गप्प बसून राहू लागले. लहानपणी गावी तापीवर ते गळ टाकीत असत, एवढे आम्हांस ठाऊक होते. तेव्हा शहरातील एका दुकानात जाऊन, आमच्या ऐपतीस न शोभणारी, काळी, चकचकीत, कार्बनची काठी आणि तिला शोभेसे रीळ आम्ही घेऊन आलो. आप्पांनी ती हातात घेतली, टोकाकडून मुठीपर्यंत पाहिली आणि म्हणाले, “मासा पानीमा ऱ्हास, दुकानमा नही.” एवढे बोलून त्यांनी ती कोपऱ्यात उभी केली.

पुढच्या सुटीला आम्ही त्यांना बळेच मांडवीच्या बाजूस तापीवर नेले. दुपारपर्यंत काही लागले नाही. मग एकाएकी काठी अशी वाकली, की आम्ही उठून उभेच राहिलो. मासा साठ-सत्तर पावले दोर घेऊन गेला, वळला, पुन्हा गेला, आणि दोर तुटला. गाठीपाशी नव्हे, मध्येच. आम्ही माशाच्या आकारावर तर्क करीत होतो, तोवर आप्पांनी काठीच्या टोकाची कडी बोटाने चाचपली आणि आमचे बोट धरून तिच्यावर फिरवले. कडीच्या आतल्या चिनी मातीच्या वळ्याला केसाएवढी चीर होती. ज्या दोराच्या भरवशावर सर्व काही होते, तो त्या चिरेवर दुपारभर घासला जात होता. ज्याने हयात मागावर काढली, त्यास ही गोष्ट सांगावी लागत नाही. मागावरही धागा अशाच वळ्यांतून येतो, आणि वळ्याला चीर पडली की धागा तुटत राहतो. आम्ही दुकानात काठीचा रंग पाहिला होता. वळी पाहिली नव्हती.

त्या दिवसापासून कोणतीही काठी घेण्यापूर्वी आम्ही खिशातून नायलॉनचा एक बारीक धागा काढतो आणि प्रत्येक कडीतून तो चारी बाजूंनी ओढून पाहतो. धागा कोठेही अडला, पिंजला, तर काठी परत. कापसाच्या बोळ्यानेही हे साधते. पण आपल्या वस्तीत कापूस शोधावा लागतो आणि धागा शोधावा लागत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गळाची निवड माशाचे तोंड पाहून करावी. तापीच्या गोड्या पाण्यात आणि तिच्यावरील जलाशयांत आपल्याला प्रामुख्याने भेटतात ते कटला, रोहू आणि मृगळ. तिघेही एकाच कुळातले. पण त्यांची तोंडे पाहावीत. कटल्याचे तोंड मोठे आणि वर उघडणारे. तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहूचे ओठ जाड आणि झालरीसारखे, तो मधल्या थरातला. मृगळाचे तोंड खाली वळलेले, तो तळाशी चिखलात चाचपडतो. म्हणजे एकच आमिष एकाच खोलीवर टांगून तिघांची वाट पाहणे हे एकाच स्थानकावर उभे राहून तीन वेगळ्या मार्गांच्या गाड्यांची वाट पाहण्यासारखे झाले. कटल्यासाठी तरंगा गळाच्या जवळ घ्यावा, मृगळासाठी शिशाची गोळी लावून गळ तळाला टेकवावा, आणि रोहूसाठी त्या दोहोंच्या मधली खोली शोधीत बसावे. हे शोधणे हाच त्यातला निम्मा खेळ.

हे तिघेही चोखून खाणारे, घास गिळण्यापूर्वी तो तोंडात घेऊन पुन्हा बाहेर टाकणारे. म्हणून गळ लहान, आखूड दांडीचा आणि कणकेच्या गोळीत पूर्ण दडेल असा हवा. गळाचे क्रमांक उलटे चालतात हे नवख्याने ध्यानात ठेवावे: ८ नंबरचा गळ ४ नंबरपेक्षा लहान, ४ नंबरचा १ नंबरपेक्षा लहान. एकाच्या पुढे गेल्यावर क्रमांकापुढे तिरकी रेघ आणि शून्य येते, आणि तेथून आकडा वाढेल तसा गळही वाढतो. रोहू-मृगळासाठी ४ ते ८ यांमधला गळ आमच्या अनुभवास उतरला आहे. मरळीची गोष्ट वेगळी. ती शिकारी, बेडकावर, लहान माशावर झडप घालणारी, रुंद जबड्याची. तिला १/० किंवा त्याहून मोठा, जाड तारेचा, लांब दांडीचा गळ लागतो, कारण तिच्या दातांपासून दोर दूर ठेवावा लागतो. मात्र पावसाळ्यात मरळीची जोडी पिलांचा तांबूस पुंजका सांभाळीत पृष्ठभागापाशी फिरते, त्या वेळी तिच्यासमोर आमिष फेकू नये. ती भुकेने नव्हे, पिलांच्या रक्षणासाठी झेपावते. तिला उचलले की मागे राहिलेला पुंजका तासाभरात इतर माशांच्या पोटात जातो. तळाशी राहणाऱ्या शिंगाळ्याच्या बाबतीत काळजी आपली घ्यावी. त्याच्या पाठीचा आणि दोन्ही बाजूंचा काटा हातात शिरला, तर सुटीचा दिवस दवाखान्यात जातो.

गळाची धार पाहण्याची रीत सोपी आहे. अंगठ्याच्या नखावर टोक हलकेच टेकवून सरकवावे. टोक रुतून अडले तर गळ चांगला. घसरत गेला तर तो दुकानदारासच परत द्यावा. नॉर्वेच्या मस्टॅडसारखे जुने नाव डबीवर असले तरी नखाची परीक्षा सोडू नये, कारण डबी कोणाच्या नावाची आणि आतला माल कोणाचा, हे बाजारात सांगता येत नाही. मुलांच्या हाती द्यावयाच्या गळाचा मागे वळलेला काटा पकडीने दाबून सपाट करावा. मासे थोडे अधिक सुटतील; पण बोटात शिरलेला गळ सहज निघेल. काट्यासह खोल रुतलेला गळ ओढून काढण्याचे धाडस करू नये, दोर कापून सरळ डॉक्टरांकडे जावे.

दोर हा तर आपला घरचा विषय. असे असूनही सर्वांत मोठ्या चुका आपली माणसे येथेच करतात. कारखान्यातून उरलेला नायलॉनचा धागा पीळ देऊन, आठ पदरी करून, तोच गळाला बांधणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. साडीचा धागा हा अनेक सूक्ष्म तंतूंचा असतो. पाण्यात तो फुगतो, दगडावर पिंजतो आणि माशास दोरखंडासारखा दिसतो. मासेमारीचा दोर, ज्याला कोकणात तंगूस म्हणतात, तो एकाच जाड तंतूचा असतो. डेनियरच्या भाषेत सांगितले तर आपल्या मंडळींना ते लवकर कळेल: ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. साडीसाठी वीस-चाळीस डेनियरचा धागा आपण रोज हाताळतो. ०.३० मिलिमीटर जाडीचा तंगूस या हिशेबाने सव्वासातशे डेनियरच्या घरात जातो, आणि नवा, कोरडा, सरळ असताना सुमारे ५ किलोचा ताण सोसतो.

‘नवा, कोरडा, सरळ’ हे तीन शब्द आम्ही मुद्दाम लिहिले आहेत. भिजलेला नायलॉन आपली दहावा हिस्सा किंवा त्याहून अधिक ताकद गमावतो. उन्हात पडून राहिलेला तंगूस आतून कुजतो आणि वरून तसाच दिसतो. म्हणून दुकानाच्या दर्शनी काचेत, उन्हाच्या तिरिपीत टांगलेले बंडल स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. आणि गाठ मारली की दोर सरळ राहिला नाही. तेथे तो सर्वांत अशक्त होतो. मागावर आपण तुटलेला धागा ज्या गाठीने डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी जोडतो, ती गाठ तंगुसात निसटते. येथे दोर गळाच्या डोळ्यातून ओवून, त्याच्याच अंगाभोवती पाच वेढे देऊन, टोक डोळ्यापाशी राहिलेल्या फटीतून काढावे, थुंकीने किंवा पाण्याने ओले करावे आणि मग सावकाश आवळावे. कोरडी गाठ झटक्याने आवळली की घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तेथेच दुबळा होतो. आप्पा प्रत्येक गाठ बांधल्यावर गळ झाडाच्या फांदीत अडकवून दोर ओढून पाहतात. घरी तुटलेली गाठ फुकट असते.

अलीकडे पॉलिथिलीनच्या अतिबळकट तंतूंचा विणलेला दोरही मिळतो. तो तंगुसाहून पुष्कळ बारीक असूनही तितकाच ताण सोसतो. पण तो ताणला जात नाही. माशाचा हिसका जसाच्या तसा गळावर आणि मुठीवर येतो, आणि हाताला वेढा पडला तर कातडे कापतो. ज्यांचा हात बसला आहे त्यांनी तो वापरावा. नवख्याला तंगुसाचा ताणच वाचवतो. तुटलेला तंगूस मात्र काठावर टाकून येऊ नये. बगळ्याच्या पायात गुंतलेला तंगूस सोडविण्याचा एकदा आम्ही प्रयत्न केला होता; बगळा उडाला, पण पाय कापला गेला होता.

काठीकडे येण्यापूर्वी थोडे विषयांतर. हा खेळ म्हणजे गोऱ्या साहेबांची देणगी, असे अनेकांस वाटते. आयझॅक वॉल्टन याचे गळाच्या मासेमारीवरील इंग्रजी पुस्तक १६५३ मध्ये निघाले, आणि हेन्री सलिव्हन टॉमस याने हिंदुस्थानातील नद्यांवरील अनुभव १८७३ मध्ये ग्रंथरूपाने मांडले, हे खरे. परंतु कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास संस्कृतात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. कोणते मासे, त्यांना कोणते खाद्य, गळाने ते कसे धरावेत, हे त्यात सांगितले आहे. वॉल्टनच्या पाच शतके आधीचे हे लेखन. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, आणि याच ग्रंथात प्राचीन मराठीचेही नमुने सापडतात. तेव्हा तापीकाठी गळ टाकून बसलेल्या आपल्या माणसास कोणी ‘साहेब’ म्हणून हिणवले, तर त्याने राजाचा दाखला द्यावा. असो.

काठ्या तीन जातींच्या. पहिली वेळूची. त्यातही मानवेल, म्हणजे जवळजवळ भरीव असणारा वेळू, गळाच्या काठीस उत्तम. तो डांगात आणि सातपुड्यात होतो. जंगलातून परवानगीवाचून तोडणे हा गुन्हा आहे, तेव्हा बाजारातूनच घ्यावा. दोन-तीन वर्षांचा, पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेला वेळू निवडावा. कोवळ्या वेळूत साखर आणि पिष्ट अधिक असते आणि त्याला भुंगा लागतो. काठीवर टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि खाली पिवळट भुकटी दिसली तर ती घेऊच नये. वेळू सावलीत उभा टांगून वाळवावा, वाकडेपणा मंद शेकावर काढावा आणि जवसाचे तेल चोळावे. दहा-बारा फुटी अशी काठी, टोकाला तेवढाच दोर, रीळ नाही, यंत्र नाही. लहान माशांसाठी आणि मुलांच्या हातासाठी याहून चांगली काठी आम्हांस माहीत नाही. अडचण एकच, ती नेण्याची. बारा फुटी वेळू रिक्षात घालून लिंबायतच्या गरनाळ्यातून जाणे ही एक स्वतंत्र कला आहे, आणि तीत मागून येणाऱ्यांच्या आशीर्वादांचा भाग मोठा असतो.

दुसरी काचतंतूची. वजनाला जड, पण आपटली, दगडावर पडली, डब्याच्या दारात सापडली, तरी सहन करणारी. सहा-सात फुटी, दोन तुकड्यांची काचतंतूची काठी ही पहिली काठी म्हणून घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. एकात एक सरकणाऱ्या, दुर्बिणीसारख्या काठ्या पिशवीत मावतात, म्हणून फार खपतात. परंतु प्रत्येक सांधा हा एक दुबळा बिंदू असतो, आणि तापीची बारीक वाळू सांध्यात गेली की काठी एक तर उघडत नाही किंवा मिटत नाही. दुकानात काठी जोडून, दोर ओवून, टोक कोणाकडून तरी हळूहळू ओढवून पाहावे. बाक टोकाकडून मुठीकडे एकसारखा उतरला पाहिजे. मध्येच कोपर पडले तर तेथेच ती एक दिवस मोडेल. दुकानदार हे करू देत नसेल, तर दुसरे दुकान पाहावे.

तिसरी कार्बनची. हलकी, तरल, महाग, आणि धारेवर आपटली तर काचेसारखी ठिसूळ. तिचा एक दोष मात्र आम्ही ठळक अक्षरांत छापावयास सांगणार आहोत: कार्बनमधून वीज वाहते. कडीची चीर शोधल्यावर त्याच दिवशी आम्ही जागा बदलण्यासाठी काठी उभी धरून उसाच्या शेताच्या कडेने चाललो होतो. नदीवरील पंपांसाठी नेलेल्या विजेच्या तारा डोक्यावरून जात होत्या. आमचे लक्ष पायाखालच्या उतारावर. आप्पा मागून आले आणि काही न बोलता त्यांनी आमचे मनगट इतक्या जोराने खाली ओढले, की आम्ही बसलोच. मग त्यांनी वर बोट दाखविले. काठीचे टोक आणि तार यांच्यात किती अंतर होते, हे आम्ही मोजले नाही. परंतु घरी परतताना आमच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तारेला काठी टेकावीच लागते असेही नाही. उच्च दाबाची वीज थोडे अंतर ओलांडून येऊ शकते. ओला वेळू आणि ओला दोरही सुरक्षित नाहीत. तेव्हा जागा बदलताना काठीचे तुकडे सोडवून, आडवी धरूनच चालावे. जेथे वर तारा आहेत तेथे गळ टाकूच नये. आणि आभाळात गडगडले, की काठी खाली ठेवून पाण्यापासून दूर व्हावे.

रीळाविषयी फार लिहीत नाही. नवख्याने स्थिर फिरकीचे, मध्यम आकाराचे घ्यावे आणि दोर काठाच्या दोन-तीन मिलिमीटर आतपर्यंत भरावा; कमी भरला तर फेक आखूड पडते, अधिक भरला तर गुंता होतो. महत्त्वाचा आहे तो रीळाचा ब्रेक. मासा ओढू लागला की दोर तुटण्याआधी सुटला पाहिजे. घरातला लहान ताणकाटा दोराच्या टोकाला बांधून ओढावा. ५ किलोच्या दोराला सव्वा ते दीड किलोवर दोर सुटू लागेल असा ब्रेक ठेवावा. आमच्या ओळखीच्या निम्म्या लोकांचे मासे केवळ हा काटा न लावल्याने गेले, आणि उरलेल्या निम्म्यांचे लावल्यानंतर पुन्हा पेच पिळल्याने.

आमिषात आम्ही खानदेशी आहोत. शेंगदाण्याची पेंड, कणीक आणि भाताचा कोंडा यांची गोळी सर्वत्र चालते. परंतु कळण्याची शिळी भाकरी कुस्करून मळली, तर तीतील उडदामुळे गोळीला असा चिवटपणा येतो, की ती फेकीत सुटत नाही. तरंग्यासाठी ज्वारीच्या धांड्याचा गाभा पुरतो. दुकानातले रंगीत तरंगे माशांपेक्षा माणसांना अधिक भुलवतात.

कोठे जावे? सिंगणपूर-रांदेरच्या बंधाऱ्याखाली भरती-ओहोटीचे खारे पाणी येते. तेथे मासे वेगळे, आणि रीळ गोड्या पाण्याने धुतले नाही तर गंजते. बंधाऱ्याच्या वर पाणी गोडे, पण जलपर्णी माजते आणि गळ तीतच अडकतो. त्याहून वर, कामरेज, मांडवी, काकरापार या पट्ट्यात काठ चांगले आहेत. उकाईचे धरण १९७२ मध्ये पुरे झाले. त्याच्या जलाशयाचे पाणी थेट आपल्या नंदुरबार जिल्ह्यापर्यंत पोचते. मात्र धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाजांखाली जाण्यास बंदी असते. जलाशयांतील मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांकडे किंवा मक्तेदारांकडे असतात. त्या पाण्यावर पोट असणाऱ्यांना, ज्यांतील कित्येकांची शेते त्याच पाण्याखाली गेली आहेत, विचारल्यावाचून गळ टाकणे हे आपल्याला शोभत नाही. विचारले तर बहुधा नाही म्हणत नाहीत. उलट कोणत्या खडकापाशी बसावे हेही सांगतात.

पावसाळ्यात नदीवर जाऊ नये. तो माशांच्या विणीचा काळ, आणि आपल्याही जिवाचा प्रश्न. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून ९ लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडावे लागले आणि सुरत शहर बुडाले, हे ज्यांनी पाहिले त्यांस सांगणे नको. ज्यांचा जन्म त्यानंतरचा आहे त्यांस सांगावे लागते. इतर दिवसांतही वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले, की उतारावरच्या काठी पातळी एकाएकी चढू शकते. बसल्यावर पाण्याच्या कडेला एक काटकी रोवून ठेवावी. ती भिजली की सामान उचलावे.

आप्पांची ती कार्बनची काठी वर्षभर कोपऱ्यात होती. टोकाची कडी आम्ही बदलून आणली, तरी ते मानवेलच वापरीत. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. तरंगा दिसेना. रीळाची करकर त्यांना कधी ऐकू येतच नव्हती. एका सुटीला ते काकरापारच्या वरच्या अंगाला नुसतेच बसून होते, तेव्हा आमच्या मुलाने आपल्या आजोबांच्या हातात ती काळी काठी दिली आणि त्यांची तर्जनी दोरावर ठेवली. तळाशी शिशाची गोळी, तिच्या पुढे हातभर दोर, ६ नंबरचा गळ. बराच वेळ गेला. एकाएकी त्यांनी दुसरा हात वर करून आम्हांस गप्प राहण्याची खूण केली, जणू आमच्या बोलण्याने त्यांना ऐकू येण्यात व्यत्यय येत होता. कार्बनच्या अंगातून तळाच्या माशाचे चोखणे थेट बोटापर्यंत येते, हे आम्ही कोठेतरी वाचले होते. पण ते कोणाला उपयोगी पडेल हे सुचले नव्हते.

“हाई काठी बोलस,” आप्पा म्हणाले, आणि त्यांनी मनगट उचलले.

दीड किलोचा मृगळ होता. आता काठी कोणाची यावरून आजोबा-नातवात वाद चालतो, आणि मानवेल आमच्या वाट्याला आली आहे. पुढच्या फेरीसाठी ४ आणि ६ नंबरचे गळ आणावयाचे आहेत, नखावर पाहून.